प्रादेशिक गॅस वितरण आणि साठवण: व्यवसाय चालवावा कसा, वाढवावा कसा

नैसर्गिक वायू पाइपने घरोघरी पोहोचवणाऱ्या प्रादेशिक कंपनीचा सगळा पसारा वर्षातल्या एका दिवसासाठी उभा केलेला असतो. तो दिवस कडाक्याच्या थंडीचा असतो. त्या दिवशी सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान हीटर, गिझर आणि शेगड्या एकाच वेळी पेटतात, आणि जाळ्याच्या अगदी टोकाला असलेल्या शेवटच्या घरातली ज्योत तरीही स्थिर राहावी लागते. उष्ण प्रदेशात हाच दिवस उन्हाळ्यात येऊ शकतो, कारण तिथे वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्रांची मागणी तेव्हा शिगेला पोहोचते. पण हिशेबाची रीत तीच राहते. ही कंपनी चालवणाऱ्याने आणि विशेषतः ती वाढवू पाहणाऱ्याने प्रत्येक निर्णय या एका दिवसाला लावून तपासावा, असे माझे ठाम मत आहे. पुढचे सगळे विवेचन त्याच धाग्याने केले आहे.

त्या एका दिवसाचा हिशेब

गेल्या वर्षीच्या विक्रीत काही टक्के मिळवून पुढच्या वर्षीची मागणी काढणे सोपे असते, पण त्यातून कमाल मागणीविषयी काहीच कळत नाही. त्यासाठी किमान पाच-सहा हिवाळ्यांतील रोजचा वायूवापर आणि रोजचे सरासरी तापमान शेजारीशेजारी मांडावे. १८ अंश सेल्सिअस ही आधाररेषा धरली, तर दिवसाचे सरासरी तापमान त्या रेषेच्या जितके अंश खाली, तितके त्या दिवसाचे ‘डिग्री-डे’. या दोन रकान्यांचा आलेख काढला की मागणीचे दोन भाग स्पष्ट दिसतात. पहिला भाग तापमान काहीही असले तरी लागतोच. स्वयंपाक, गरम पाणी आणि कारखाने त्यात येतात. दुसरा भाग प्रत्येक अंशामागे वाढत जातो.

समजा, पन्नास हजार ग्राहकांच्या एका प्रदेशात मूळ मागणी दिवसाला १ लाख घनमीटर आहे आणि तापमान एक अंशाने उतरले की त्यात २० हजार घनमीटरची भर पडते. सरासरी तापमान उणे ७ अंशांवर गेले, तर २५ डिग्री-डे झाले आणि मागणी ६ लाख घनमीटरवर पोहोचली. आता ती भागवायची कशी? समजा, मुख्य वाहिनीवरून करारानुसार ४ लाख मिळतात, भूमिगत साठ्यातून दीड लाख काढता येतात आणि उरलेले ५० हजार द्रवरूप वायूच्या टाकीतून येतात. कागदावर हिशेब तंतोतंत जुळला. हा जुळलेला हिशेब प्रत्यक्षात कुठे फसतो, ते साठवणीच्या भागात येईल.

उणे ७ हा आकडा कुठून आणायचा, हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी तो मुळात धोरणाचा आहे. ब्रिटनमध्ये वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या कमाल दिवसाला पुरे पडेल असे जाळे बांधण्याची पद्धत आहे. कोणतेही प्रमाण स्वीकारा, पण ते लेखी असावे, संचालक मंडळाने मंजूर केलेले असावे आणि नियामकाला कळवलेले असावे. लागोपाठ तीन-चार हिवाळे सौम्य गेले की ‘एवढी क्षमता कशाला राखायची?’ असा प्रश्न हमखास उठतो, आणि त्या वेळी लेखी प्रमाण हेच अभियंत्याच्या हातातले एकमेव शस्त्र असते. शिवाय दिवसाची बेरीज जुळली म्हणून सकाळचे तीन तास जुळतील असे नाही. पाइपमध्ये दाबाखाली साठून राहिलेला वायू, ज्याला नियंत्रण कक्षात ‘लाइनपॅक’ म्हणतात, तो सकाळचा भार उचलतो. म्हणून पहाटे चारपर्यंत जाळ्यातला दाब भरून घेतलेला असला पाहिजे. सहा वाजता भरायला घेतले, तर फार उशीर झालेला असतो.

एवढा कडक हिशेब का करायचा, ते वीज आणि वायू यांतल्या एका फरकावरून कळते. वीज गेली तर एक खटका ओढून ती पुन्हा देता येते. वायूचा दाब मात्र एकदा पडला की पुरवठा नुसता सुरू करता येत नाही. विझलेल्या शेगडीतून न जळलेला वायू घरात शिरण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक घरी जाऊन मीटरजवळचा झडप बंद करावा लागतो, वाहिनीतली हवा बाहेर काढावी लागते आणि दुसऱ्यांदा प्रत्येक घरी जाऊन उपकरणे एकेक करून पेटवावी लागतात. दहा हजार घरांचा पुरवठा तुटला, तर वीस हजार भेटी झाल्या. एक माणूस दिवसाला पंचवीस घरे करतो असे धरले, तरी शंभर माणसांना आठ दिवस लागतात, तेही घरात कोणी ना कोणी भेटेल असे गृहीत धरून. त्या आठ दिवसांत बाहेर उणे सात अंश तापमान असते.

साठवण निवडताना

भूमिगत साठवणुकीचा इतिहास १९१५ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, वेलंड परगण्यात सुरू झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बफेलो शहराजवळच्या झोअर क्षेत्रात दुसरा प्रयोग झाला. तेव्हापासून प्रकार मुख्यतः तीनच राहिले आहेत: रिकामी झालेली तेल-वायूक्षेत्रे, जलधर खडक आणि मिठाच्या थरात पाण्याने विरघळवून तयार केलेल्या पोकळ्या. जमिनीवर यांच्या जोडीला द्रवरूप वायूच्या टाक्या असतात. वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते आणि तो गरजेच्या दिवशी पुन्हा वायुरूप करून जाळ्यात सोडता येतो.

निवड करताना एकूण किती मावते यापेक्षा दोन गोष्टींना जास्त महत्त्व द्यावे. पहिली ‘कुशन गॅस’ची. दाब टिकवण्यासाठी काही वायू कायम खालीच ठेवावा लागतो. तो विकता येत नाही आणि त्यातला बराचसा कधीच परत मिळत नाही. रिकाम्या क्षेत्रात हे प्रमाण साधारण निम्मे असते, जलधर खडकात ५० ते ८० टक्के आणि मिठाच्या पोकळीत २० ते ३० टक्के. वायू महाग असताना साठवणूक प्रकल्प सुरू केला, तर यंत्रसामग्रीइतकाच खर्च या न दिसणाऱ्या वायूवर होऊ शकतो, आणि तो मालसाठा म्हणून न दाखवता भांडवल म्हणूनच हिशेबात धरावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे रोज किती काढता येतो. मिठाच्या पोकळीतून वायू झपाट्याने येतो आणि ती वर्षातून अनेकदा भरता-रिकामी करता येते. रिकामे तेल-वायूक्षेत्र सावकाश चालते आणि साधारणपणे वर्षाला एकच फेरा पूर्ण करते. पण मीठ दाबाखाली हळूहळू सरकत असते, त्यामुळे पोकळी फार काळ कमी दाबावर ठेवली तर ती आतून आक्रसते. म्हणून तिला किमान दाबाची मर्यादा असते आणि ती मोडून वायू विकला, तर त्याची किंमत पुढे घटलेल्या क्षमतेच्या रूपाने मोजावी लागते.

आता वरच्या उदाहरणातला फसवा भाग. साठ्यातून दिवसाला दीड लाख घनमीटर येतात, असे जे आपण लिहिले, ते साठा भरलेला असताना खरे आहे. जसजसा वायू काढला जातो तसतसा दाब उतरतो आणि दिवसाला निघणारे प्रमाणही उतरते. हिवाळ्याच्या अखेरीस साठा ३० टक्क्यांवर आलेला असताना वायू वर आणणाऱ्या त्याच विहिरी कदाचित ८० हजारच देतील. सर्वांत थंड दिवस नेमका तेव्हा उगवला, तर ४ लाख, ८० हजार आणि ५० हजार मिळून ५ लाख ३० हजार होतात आणि ७० हजार घनमीटरची तूट पडते. साठ्यात वायू भरपूर शिल्लक असतो, पण तो वेळेवर वर येत नाही. म्हणून कोणत्या तारखेला किती टक्के साठा शिल्लक असलाच पाहिजे, याचा उतरता आलेख हंगाम सुरू होण्यापूर्वी ठरवावा, नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावावा आणि व्यापार विभागाला तो ओलांडण्याचा अधिकार देऊ नये.

विहिरीची निगा

साठवण व्यवसायातली सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे जुनी विहीर. कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅनियन येथे २३ ऑक्टोबर २०१५ रोजी उघडकीला आलेली गळती फेब्रुवारी २०१६ मध्ये थांबली. तोवर सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. ती विहीर १९५० च्या दशकात तेलासाठी खोदलेली होती. तिच्या बाहेरच्या नळीला, म्हणजे केसिंगला, भूजलाच्या संपर्काने बाहेरून गंज लागला होता. वायू आतल्या नळीतून आणि तिच्या भोवतालच्या पोकळीतूनही नेला जात असल्यामुळे ते गंजके केसिंग हाच वायू आणि माती यांमधला एकमेव अडसर उरला होता.

यातून घ्यायचा नियम सरळ आहे: कोणत्याही विहिरीत वायू आणि बाहेरची जमीन यांच्यामध्ये दोन स्वतंत्र अडसर असावेत. वायू फक्त आतल्या नळीतून न्यावा, तळाशी पॅकर, म्हणजे दोन नळ्यांमधली जागा घट्ट बुजवणारे बूच, बसवून भोवतालची पोकळी बंद करावी आणि त्या पोकळीतला दाब रोज वाचावा. तो वाढू लागला, तर पहिला अडसर फुटल्याची सूचना मिळते आणि दुसरा शाबूत असतानाच दुरुस्ती करता येते. असे केल्याने विहिरीचे दैनिक उत्पादन घटते हे खरे आहे, आणि म्हणूनच पूर्वी अनेकांनी ते टाळले. घटलेली क्षमता भरून काढायला नवी विहीर खोदावी लागली तरी ती खोदावी. त्याखेरीज ठरावीक वर्षांनी केसिंगची जाडी मोजणारी उपकरणे आत सोडून तपासणी करावी आणि परिसरातल्या सोडून दिलेल्या जुन्या विहिरींचा शोध घ्यावा. जानेवारी २००१ मध्ये कॅन्सस राज्यातल्या हचिन्सन शहरात मिठाच्या साठवण पोकळीच्या विहिरीतून सुटलेला वायू जमिनीखालून सुमारे ११ किलोमीटर गेला आणि शहरातल्या विस्मृतीत गेलेल्या जुन्या मिठाच्या विहिरींतून वर आला. त्यात दोन माणसे मृत्युमुखी पडली.

साठ्यात वायू खरोखर किती आहे, हे मीटरच्या बेरजा-वजाबाक्यांवर सोडू नये. भरणी संपल्यावर एकदा आणि उपसा संपल्यावर एकदा, असे वर्षातून दोन वेळा संपूर्ण क्षेत्र काही दिवस बंद ठेवावे. पहिल्या दिवशी वेगवेगळ्या विहिरींच्या तोंडावरचे दाब एकमेकांशी जुळत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सावकाश एकमेकांजवळ येतात आणि मग काटा हलायचा थांबतो. तो स्थिर दाब आणि वहीत दाखवलेला साठा यांचे बिंदू वर्षानुवर्षे एकाच आलेखावर टिपत जावे. वहीतला साठा तेवढाच असताना दाब दरवर्षी थोडा थोडा कमी भरू लागला, तर वायू कुठेतरी निसटतो आहे किंवा मीटर चुकतो आहे. दोन्ही शक्यता गंभीर आहेत. व्यापार विभाग या बंद दिवसांवर नेहमी कुरकुरतो, पण व्यवसायाच्या सर्वांत मोठ्या मालमत्तेची दुसरी कोणतीही मोजणी इतकी भरवशाची नाही.

जाळे, दाब आणि नोंदी

वितरणाच्या जाळ्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: दाब, वास आणि कागद. मोठ्या दुर्घटनांची चौकशी वाचली की यांपैकी एखादी हुकलेली आढळते.

दाबाचे उदाहरण मॅसॅच्युसेट्समधल्या मेरिमॅक खोऱ्याचे आहे. १३ सप्टेंबर २०१८ रोजी तिथे जुनी बिडाची वाहिनी बदलून प्लॅस्टिकची टाकण्याचे काम चालू होते. रेग्युलेटरला, म्हणजे जाळ्यातला दाब नियंत्रित करणाऱ्या यंत्राला, दाब कळवणाऱ्या बारीक नळ्या जुन्याच वाहिनीला जोडलेल्या राहिल्या. ती वाहिनी तोडल्यावर तिच्यातला दाब उतरला, जाळ्यातला दाब पडतो आहे असा रेग्युलेटरचा समज झाला आणि त्याने झडप उघडत नेला. घरांमध्ये प्रमाणाबाहेर दाबाचा वायू शिरला, शंभराहून अधिक इमारतींचे नुकसान झाले आणि एका तरुणाचा जीव गेला. वाहिनी बदलण्याच्या आराखड्यात त्या बारीक नळ्यांची नोंदच नव्हती. म्हणून दाबाशी संबंध येईल असे कोणतेही काम हाती घेताना रेग्युलेटर स्टेशन सांभाळणाऱ्या माणसाची आराखड्यावर सही असावी आणि काम चालू असेपर्यंत तो स्टेशनवर प्रत्यक्ष हजर असावा. कमी दाबाच्या जुन्या जाळ्यात घरोघरी वेगळा रेग्युलेटर नसतो, त्यामुळे स्टेशनवरची चूक थेट शेगडीपर्यंत जाते. अशी जाळी टप्प्याटप्प्याने मध्यम दाबाची करून प्रत्येक मीटरपाशी रेग्युलेटर बसवणे हा खर्च कधीही वाया जात नाही.

वासाबद्दल. नैसर्गिक वायूला स्वतःचा गंध नसतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन येथील शाळेत साचलेल्या गंधहीन वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक गेले, आणि त्यानंतर मर्कॅप्टनसारखे उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याचा कायदा आला. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असताना पेट घेतो. अमेरिकी नियमानुसार यातल्या खालच्या मर्यादेच्या एक पंचमांश प्रमाणात, म्हणजे हवेत जेमतेम एक टक्का वायू असतानाच, सामान्य माणसाला तो वासाने ओळखता आला पाहिजे. व्यवसाय वाढवणाऱ्यांनी यातली एक बारकी बाब लक्षात ठेवावी: नवीन पोलादी पाइपच्या आतला पृष्ठभाग सुरुवातीला गंधद्रव्य शोषून घेतो. जाळे मोठ्या वेगाने वाढत असताना नव्या टोकाला वायू पोहोचतो, पण वास पोहोचत नाही. म्हणून नवी वाहिनी सुरू करताना सुरुवातीचे काही दिवस गंधद्रव्य जास्त सोडावे आणि वासाची तपासणी स्टेशनवर न करता शेवटच्या घराजवळ करावी.

कागदाचे महत्त्व कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रूनो शहरातल्या दुर्घटनेने शिकवले. ९ सप्टेंबर २०१० रोजी तिथे ३० इंची वाहिनी फुटून आठ माणसे गेली. कंपनीच्या नोंदीत तो पाइप सांधाविरहित असल्याचे लिहिले होते. प्रत्यक्षात त्याला लांबीभर जोड होता आणि तो सदोष वेल्ड केलेला होता. त्या नोंदीच्या भरवशावर दाबाची मर्यादा ठरवली गेली होती. कोणता पाइप कधी पुरला, कारखान्यातल्या कोणत्या खेपेचा आहे, कोणी जोडला, किती दाबावर तपासला आणि तो जमिनीत नेमका कुठे आहे, ही माहिती कोणत्याही पाइपसाठी पाच मिनिटांत काढता आली पाहिजे. जिथे ती नाही तिथे अंदाज न भरता ‘माहीत नाही’ असे लिहावे आणि खणून खात्री करावी. नोंदीतला मोकळा रकाना काम सुचवतो. चुकीचा भरलेला रकाना माणसे मारतो.

प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी ही काळजी कशी दिसते, ते प्लॅस्टिक पाइपच्या एका जोडावरून सांगतो. इलेक्ट्रोफ्यूजनने, म्हणजे विजेच्या उष्णतेने प्लॅस्टिक वितळवून, जोडताना पाइपच्या टोकावरचा हवेने खराब झालेला बारीक थर हत्याराने खरवडून काढायचा असतो. चांगला कारागीर आधी मार्करने टोकावर आडव्यातिडव्या रेघा मारतो आणि एकही रेघ शिल्लक राहणार नाही तोपर्यंत खरवडतो. मग तिथे बोटही लावत नाही, कारण हाताचा तेलकटपणा जोड कच्चा ठेवायला पुरेसा असतो. पाइप शिकंज्यात सरळ धरतो, यंत्राने सांगितलेला वेळ संपला तरी जोड पुरता थंड होईपर्यंत शिकंजा सोडत नाही, आणि सांध्यावर स्वतःचा क्रमांक व तारीख लिहितो. कच्चा जोड दाबचाचणीत उत्तीर्ण होऊन काही वर्षांनी सुटू शकतो. कंत्राटदाराला जोडांच्या संख्येवर पैसे दिले, तर थंड होण्याची वाट बघणारा माणूस तोट्यात जातो. म्हणून मोबदल्याची पद्धत ठरवतानाच गुणवत्ता ठरत असते.

पोलादी पाइपसाठी कॅथोडिक प्रोटेक्शनची, म्हणजे सौम्य विद्युतप्रवाहाने गंज रोखण्याच्या व्यवस्थेची, वाचने नियमित घ्यावीत. तांबे-मोरचुदाच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.८५ व्होल्ट हा रूढ निकष आहे. खोदकामात दुसऱ्यांच्या यंत्राने पाइप तुटणे हे वितरणातल्या अपघातांचे एक प्रमुख कारण असल्यामुळे खोदकामाची पूर्वसूचना घेणारी दूरध्वनी व्यवस्था चोवीस तास चालू ठेवावी आणि खुणा करायला माणूस वेळेवर पोहोचावा. वायूचा वास येतो अशी तक्रार आल्यावर ब्रिटनमध्ये, गळती आटोक्यात आलेली नसेल तर, एका तासाच्या आत माणूस दारात असावा असे मानक आहे. नव्या भागात पुरवठा सुरू करण्यापूर्वी हे मानक तिथे रात्री दोन वाजता पाळता येईल का, हे गाडीने प्रत्यक्ष जाऊन बघावे.

दोन व्यवसाय, दोन वह्या

वितरण आणि साठवण एकाच मालकाकडे असणे सोयीचे असते, पण त्यांचे हितसंबंध वेगळे असतात. नियंत्रित वितरण कंपनी सहसा वायूच्या किमतीवर नफा कमावत नाही. खरेदीचा खर्च आहे तसा ग्राहकाच्या बिलात जातो आणि कंपनीला परतावा मिळतो तो जाळ्यात गुंतवलेल्या भांडवलावर. साठवण कंपनीचे उत्पन्न मात्र भावांच्या फरकातून येते: उन्हाळ्यात स्वस्त भरायचे आणि हिवाळ्यात महाग विकायचे, शिवाय मधल्या चढउतारांचा लाभ घ्यायचा. जानेवारीत भाव अचानक चढला की व्यापाऱ्याला साठा विकावासा वाटतो, आणि फेब्रुवारीतल्या थंडीसाठी तोच साठा वितरण कंपनीला राखून हवा असतो.

हा झगडा माणसांच्या समजूतदारपणावर सोडू नये. कोणत्या क्षमतेवर वितरण कंपनीचा पहिला हक्क आहे आणि कोणती बाहेरच्यांना भाड्याने देता येते, हे करारात स्वतंत्र कलमाने लिहावे. सामाईक कर्मचारी, कॉम्प्रेसर आणि जमीन यांचा खर्च कोणत्या सूत्राने वाटला जातो, ते दरवर्षी लेखापरीक्षकासमोर मांडावे. ग्राहकांच्या पैशातून बांधलेल्या साठ्यावर बाजारात नफा कमावला, तर त्यातला ठरलेला वाटा ग्राहकांच्या बिलात परत जावा. तसे केले नाही तर नियामकाचा विश्वास जातो आणि पुढची प्रत्येक दरवाढ लढाई होते.

साठवणीची किंमत केवळ चालू भावफरकावर ठरवणे किती महाग पडते, ते ब्रिटनच्या रफ साठ्याने दाखवले. देशाच्या साठवण क्षमतेचा सुमारे ७० टक्के भाग असलेला हा समुद्राखालचा साठा जुन्या विहिरी आणि न परवडणारे अर्थशास्त्र यांमुळे २०१७ मध्ये बंद झाला. २०२१ पासून युरोपात वायूचे भाव भडकल्यावर तो २०२२ मध्ये अंशतः पुन्हा उघडावा लागला. त्याच वर्षी युरोपीय संघाने १ नोव्हेंबरपर्यंत साठे ८० टक्के भरण्याचे बंधन सदस्य देशांवर घातले. ज्या साठ्याचा विमा म्हणून उपयोग होतो त्याच्या विम्याचा हप्ताही कोणीतरी भरला पाहिजे, आणि साठवण कंपनीने शांत काळातच राखीव क्षमतेसाठी स्थिर शुल्काचे दीर्घ करार करून घेणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

वाढ कुठे आणि किती

नवे ग्राहक जोडताना फक्त वाहिनीचा खर्च आणि अपेक्षित महसूल ताडून पाहिला जातो. तेवढे पुरत नाही. वरच्या उदाहरणात प्रत्येक ग्राहकामागे कमाल दिवसाची सरासरी मागणी १२ घनमीटर येते. तीन हजार घरांची नवी वसाहत जोडली, तर त्या दिवशी ३६ हजार घनमीटर जास्त लागतील. ते वाहिनीच्या करारातून येणार, नव्या विहिरीतून येणार की एखादा कारखाना थंडीत काही तास वापर थांबवायला कमी दराच्या मोबदल्यात तयार आहे, याचे उत्तर मंजुरीच्या कागदावर असल्याशिवाय खोदाई सुरू करू नये. माझ्या मते थांबवता येणाऱ्या मागणीचे हे करार सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. फक्त कारखान्याकडे दुसरे इंधन खरोखर भरलेले आहे का, हे शरद ऋतूत जाऊन पाहावे.

शेजारची छोटी कंपनी विकत घेऊन वाढायचे असेल, तर ताळेबंदाआधी पाइपांच्या वयाची यादी, गळत्यांची नोंदवही आणि हिशेबात न सापडणाऱ्या वायूचे पाच वर्षांचे आकडे मागावेत. बिडाचे आणि कॅथोडिक संरक्षण नसलेले पोलादी पाइप जितके किलोमीटर असतील, तितका बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. तिथली जुनी माणसे टिकवावीत. कोणता झडप घट्ट फिरतो आणि कोणत्या गल्लीत नकाशा चुकतो, हे त्यांनाच ठाऊक असते.

पाइप चाळीस-पन्नास वर्षांसाठी पुरला जातो, आणि तेवढ्या काळात घरे तापवण्याचे साधन बदलू शकते. मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता वीस वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक असल्यामुळे गळतीवरचे निर्बंध कडकच होत जातील. म्हणून तुरळक वस्तीकडे जाणाऱ्या लांब वाहिन्यांचा घसारा कमी वर्षांत काढावा, आणि आहे त्याच रस्त्यांवर दाट जोडण्या वाढवण्याला प्राधान्य द्यावे. हायड्रोजन मिसळण्याच्या योजना ऐकताना एक आकडा जवळ ठेवावा: त्याची ऊर्जा आकारमानाच्या हिशेबाने मिथेनच्या सुमारे एक तृतीयांश असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणातून जेमतेम ७ टक्के ऊर्जा मिळते. मिठाच्या पोकळ्यांची गोष्ट वेगळी आहे. इंग्लंडमधल्या टीसाइड येथे १९७० च्या दशकापासून हायड्रोजन अशा पोकळ्यांत साठवला जात आहे, त्यामुळे साठवण व्यवसायाला तिथे खरा वाव आहे.

या सगळ्याची वार्षिक बैठक हिवाळा संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत घ्यावी, आठवणी ताज्या असताना. टेबलावर सर्वांत थंड दिवसाचा तासागणिक दाबाचा आलेख असावा आणि जाळ्याचा मोठा नकाशा असावा. त्या सकाळी जिथे दाब सर्वांत खाली गेला ती जागा नकाशावर लाल पेन्सिलने गोल करावी, पुढच्या वर्षीच्या वाहिन्यांचा पहिला निधी तिथे द्यावा, आणि साठ्याच्या उन्हाळी भरणीच्या तारखा त्याच बैठकीत, क्षेत्र बंद ठेवण्याच्या दिवसांसकट, लिहून उठावे.